शून्य म्हणजे धुरा

जुलैचा पहिला सोमवार. शाळेत पोचले, पदर खोचला आणि व्हरांडा धुवायला घेतला. रात्री तिथे गावच्या शेळ्या बसत, त्यामुळे हे काम रोजचंच. त्या दिवशी जरा जास्त घासला, कारण मला त्यावर चुन्याने रेघ ओढायची होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ, तिच्यावर सारख्या अंतराने आडव्या खुणा, खुणांखाली शून्य ते दहा आकडे. झाली संख्यारेषा. तालुक्याच्या प्रशिक्षणात ती फळ्यावर काढून दाखवली होती. पण पहिलीच्या पोरांना फळ्यावर उड्या मारता येत नाहीत, म्हणून मी ती जमिनीवर आणली.

गाव वणीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. शाळेला शिक्षक दोनच. वरचे वर्ग मोठ्या गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. कापसाने सगळ्यांचे हाल केले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. पेरणीच्या दिवसांत वर्ग अर्धा भरला तरी मी खूश असे.

गुरुजींनी खिडकीतून डोकावून विचारलं, "बाई, ठिकरी खेळून राह्यले का पोरं तुमचे?"

"खेळूनच राहिलेत. या तुम्हीही. व्हरांडा मजबूत आहे."

गुरुजी अंगाने भारी होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

खेळ सोपा होता. तीन अधिक दोन करायचं तर तीनवर उभं राहायचं, पुढे दोन उड्या मारायच्या आणि पायाखालचा आकडा वाचायचा. अडचण फक्त शून्याची. त्यावर कोणी पाय ठेवेना. "भोपळ्यावर काहून उभं करता, बाई? मी काय नापास हाय?" शून्य तसंच रिकामं राहिलं, बाकी आकड्यांवर मात्र झुंबड उडाली.

एका मुलीचं मात्र दर वेळी एकाने कमी येई. पहिलीत ती दुसऱ्यांदा बसली होती. तीनवर उभी राहिली की जागच्या जागी म्हणे "एक", उडी मारून म्हणे "दोन", आणि चारवर थांबून मोठ्याने जाहीर करी, "तीन अन् दोन, चार!"

"हिची एक उडी शेळीनं खाल्ली!" पोरं ओरडली.

"तुह्याच घरच्या शेळीनं खाल्ली!" तीही काही कमी नव्हती. पण मग खांबाला टेकून बसली ती उठलीच नाही.

मधल्या सुट्टीत तिची आई आली, कडेवर तान्हं बाळ घेऊन. कापसावर भागेना म्हणून नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर गेला होता आणि वावर हिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं.

"बाई, उद्यापासून इले वावरातच नेतो मी. दोन वर्षं झाले, पहिलीच सरून नाई राह्यली. डोस्क्यात काही शिरत नाई तं कायले बसवता?"

मी उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. ती बाळाला सावरत मुलीला घेऊन गेली.

संध्याकाळी बसला वेळ होता आणि त्यांचं वावर थांब्याच्या वाटेवरच होतं. आमच्याकडे कपाशीची काही तासं झाली की मध्ये तुरीचं एक तास घालतात. तास म्हणजे पेरणीची ओळ. आई वाकून एकेक सरकी मातीत टोबत होती. मुलीचं काम धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर. तासं मोजत चालायचं आणि तुरीची पाळी आली की तिथे तुराटीची काडी खोवायची. मी उभी राहून पाहिलं. पायाशी असलेल्या तासावर ती म्हणे "एक", पुढच्यावर "दोन". सातवर काडी. पुन्हा नव्या तासापाशी "एक".

"इथं नाई चुकत ते," आई कंबर सरळ करत म्हणाली. "म्हून तं म्हणतो, इथंच बरी."

मला हसू आलं. पोर जे धुऱ्यावर करत होती, तेच माझ्या व्हरांड्यावर करत होती. वावरात पायाशी तास असतं, ते मोजावंच लागतं. माझ्या रेघेवर पायाखालचा आकडा आधीच मोजून झालेला असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"उद्या सकाळी तुम्हीही शाळेत या," मी आईला म्हटलं. "हिला जमलं नाही, तर खुशाल घेऊन जा."

"अन् जमलं तं?"

"तर काड्या तुम्ही खोवायच्या."

"वा! म्हंजे माह्यावरच काम!" ती म्हणाली, पण हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटेवरच्या कुंपणातून मूठभर तुराट्या मोडून घेतल्या. आई दाराशी उभी होतीच, बाळ कडेवर. मुलीला मी शून्यावर उभं केलं. ती तोंड वाकडं करणार, एवढ्यात म्हटलं, "हा भोपळा नाही. हा धुरा. धुऱ्यावर काही पेरतात का?"

"नाई."

"मग इथे काय मोजशील?"

"काहीच नाई."

एक, दोन, तीन या आकड्यांवर मी एकेक काडी ठेवली. "ही तीन तासं काल पेरून झाली. आता तीनवर उभी राहा. आज आणखी दोन पेरायची. कुठे पेरशील?"

ती तीनवर गेली, पायाजवळच्या काडीकडे पाहिलं आणि आईकडे वळून म्हणाली, "हे तं झालं ना कालच." मग चारवर काडी, "एक". पाचवर काडी, "दोन". "पाच!"

आई पुढे आली. "सातवर उभी राय. अजून तीन पेर."

"दहा!"

"आठवर चार."

मुलीने नऊवर काडी ठेवली, दहावर ठेवली आणि रेघ संपली. व्हरांडाही संपला. "बाई, वावर सरलं," ती म्हणाली. उरलेल्या दोन काड्या तिच्या हातात तशाच होत्या.

"काड्या आज मी खोवतो," आई म्हणाली. "पण सुट्टी झाली की लगेच धाडा, बाळाले पाहाले." आणि भराभरा वावराकडे गेली.

मी चुन्याचं डबडं उचललं, पायरी उतरले आणि अंगणात अकरा काढला.