उत्तरेश्वरच्या नावाची बाटली

भिवराबाईच्या पायांवर सूज यायची ती दिवस मावळताना. सकाळपर्यंत बरीचशी ओसरायची, म्हणून तिनं ती कुणाला सांगितली नव्हती.

पाटोद्याकडचं त्यांचं गाव. वीस वर्षं झाली, दसरा उलटला की ती आणि उत्तरेश्वर, तिचा नवरा, साखर कारखान्याचा ऊस तोडायला जायचे. टोळीत एकट्याला घेत नाहीत, जोडीच लागते. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. मुकादमाच्या यादीत मात्र जोडीचं एकच नाव, नवऱ्याचं. भिवराबाईला त्याचं कधी काही वाटलं नाही. तो तापानं फणफणला की त्याच्या वाटचा ऊस ती तोडायची, आणि तोही त्याच्याच नावाचा ऊस.

त्या उन्हाळ्यात गाव टँकरवर होतं. जनावरं चारा छावणीत गेली होती आणि दूध सोसायटीचे कॅन पालथे पडले होते. त्या रिकाम्या सोसायटीत एक दिवस डॉक्टर धर्मराज आला. मूळचा याच जिल्ह्यातल्या सिरसाळ्याचा. डॉक्टर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आता मोठ्या शहरात तो किडनीच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेत होता. उन्हात राबून ऊसतोड्यांच्या किडन्या बिघडतात का, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता. तात्याबा मुकादमाकडून त्यानं यादी घेतली आणि एकेक नाव एकेका बाटलीवर चिकटवून बाटल्या घरोघर दिल्या. सकाळची लघवी भरून सोसायटीत आणायची.

"आजवर हितं दुधातलं पाणी तपासलं," तात्याबा म्हणाला. "आता माणसातलं तपासा!"

उत्तरेश्वर त्या रात्री छावणीवर होता. सकाळी भिवराबाईनं बाटली स्वतःच भरली आणि देऊन आली. यात लबाडी अशी काही नव्हती. उत्तरेश्वरच्या नावाचं काम तिनं आजवर केलंच होतं.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी धर्मराज थेट त्यांच्या दारात उभा राहिला. उत्तरेश्वरच्या लघवीतून प्रथिनं जात होती, रक्तही. त्याच्या सरांनी सांगितलं होतं, आकडे लिहून मोकळा होऊ नकोस, माणूस बघून ये.

उत्तरेश्वर घाबरून बाजेवर बसला. धर्मराजनं त्याचा रक्तदाब घेतला, ठीक निघाला. जागेवरच पुन्हा लघवी तपासली. प्रथिनं असली की हिरवी होणारी पट्टी ओली होऊनही पिवळीच राहिली.

"तवा निघालं, आता कावून निघंना?" धर्मराज स्वतःशीच बोलला. मग म्हणाला, "काका, शहरात यावं लागंल. गरज पडली तर पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढू."

भिवराबाई चौकटीला धरून उभी होती. बोललं तर आजार आपला ठरणार, जोडी मोडणार. एकट्या उत्तरेश्वरला कोण नेणार, आणि या कोरड्या गावात राहून करायचं काय? पण सुईचं ऐकून त्याचा हात नकळत कमरेवर गेला, तो तिनं पाहिला.

"त्यांना सुई लावू नका," ती म्हणाली. "ती बाटली माझी हाय."

धर्मराजनं हातातली यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. चाळीस नावं. एकही बाई नाही.

"मावशी, उसाच्या फडात दिवसभरात पाणी किती पिता?"

"पेलं की जावं लागतं, लेकरा. भोवती समदे गडी. बाईमाणसानं जावं कुठं? सांजच्याला पिते की."

हा प्रश्न त्यानं गावातल्या चाळीसही पुरुषांना विचारला होता, बाईला मात्र आज पहिल्यांदाच. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. मग रक्तदाब घेतला, तो चढलेला होता. अंगदुखीला काही घेता का, असं विचारल्यावर तिनं कमरेची चंची सोडली. तंबाखूशेजारी गोळ्यांची पाकिटं निघाली. सकाळी एक, दुपारी एक, सात-आठ वर्षं.

"ह्या आजपासून बंद. किडनी ह्यांनीच खाल्ली असंल, न्हाईतर उन्हानं. रक्त तपासल्याबिगर मला सांगता यायचं न्हाई," धर्मराज म्हणाला. "पण वेळ गेलेली न्हाई, मावशी."

"गोळीबिगर मोळी कशी उचलू?"

उत्तरेश्वर बाजेवर पुढं सरकला. "कावून लपवलंस गं?"

"जोडी मोडली असती तुमची."

"माझी?" तो म्हणाला. "आन तू मेल्यावर काय शाबूत ऱ्हायली असती व्हय? येडी कुठली! यंदा आपन जायाचंच न्हाई."

"खायाचं काय?"

"ते मी बघतो. तू गप बस."

तो बाजेवरून उतरला. परक्या माणसासमोर त्यानं कधी तिच्या पायाला हात लावला नव्हता. भिवराबाई पाय आखडू लागली तसा त्यानं तो धरला, आणि डॉक्टरानं दाबला होता तसाच, पण हलक्यानं, आपला अंगठा दाबून पाहिला. खड्डा भरायला वेळ लागला. तो भरेपर्यंत उत्तरेश्वर तिथून हलला नाही.