बारा मिलिमीटर जास्तीची बंदूक

गवसणीचं बटण काही लागेना. म्हाताऱ्याने एकदा ओढून पाहिलं, दोनदा ओढून पाहिलं, मग बंदूक बाहेर काढली आणि मांडीवर आडवी ठेवून शांतपणे म्हणाला, "ही माझी नाही."

"बाबा, ही नक्कलच आहे," खालिद म्हणाला.

"ते मला माहीत आहे. नक्कलही माझीची नाही. माझीला इतकी वर्षं झाली, कधी वाढली नाही. ही वाढली आहे."

जोसेफने पुढे होऊन टेप लावली. अस्सल बंदुकीपेक्षा ही बारा मिलिमीटर जास्त होती. खालिदने मान वळवून जोसेफकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. सगळी मापं जोसेफने घेतली होती.

मी पॅटर्नमेकर. म्हणजे कुठलाही पार्ट बिडात किंवा पितळेत ओतायचा असेल, तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबतात, काढून घेतात आणि राहिलेल्या खड्ड्यात वितळलेला धातू ओततात. तो नमुना मी करतो. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत शिकलो आणि तिथून सौदीत दम्मामला गेलो. खालिद आमचा मुदीर, म्हणजे मालक आणि मॅनेजर दोन्ही. पंपाची झाकणं, व्हॉल्व्हची चाकं असली कामं असायची. जोसेफ केरळचा, आमचा ड्राफ्ट्समन. मी बोटाने शिकलेला माणूस, तो कागदाने शिकलेला, पण आमचं जमायचं.

कुवेतमध्ये इराकी घुसले आणि सगळ्यांची तंतरली. दम्माम सरहद्दीच्या बाजूला, म्हणून खालिदने घरातल्या मौल्यवान वस्तू धाकट्या भावाकडे रियाधला हलवायला घेतल्या. रियाध सुरक्षित, असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. सगळं गेलं, पण म्हातारा बंदूक सोडेना. ती तुर्की फौजेची, जर्मनीत घडवलेली, त्याच्या वडिलांच्या हाती लागलेली. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, ती भिंतीवर असायची. पाहुणे उठून गेले की म्हातारा ती स्वतः उतरवून कातडी गवसणीत घालायचा. गवसणी त्याच्या वारलेल्या बायकोने शिवलेली होती.

"भिंत रिकामी दिसली तर लोक म्हणतील अबू खालिद घाबरला," तो म्हणाला; अबू खालिद म्हणजे खालिदचा बाप, तो स्वतः. "हुबेहूब दुसरी करून द्या, मग ही न्या. गवसणी मात्र इथेच राहील."

खालिदने मला बोलावलं. "दत्ता, तू बनायेगा?"

मी म्हटलं, "बनायेगा. लेकिन मेरा पासपोर्ट?"

कारण माझी बायको, मालन, गडहिंग्लजला माहेरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी जन्मताच गेलं होतं, तेव्हाही मी दम्माममध्येच होतो. या वेळी मी येणारच, असा तिला शब्द दिला होता. पासपोर्ट खालिदच्या कपाटात. त्याच्या सहीशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

"बंदूक खलास, पासपोर्ट तुम्हारे हात में," तो म्हणाला. कुवेत सोडायला इराकला पंधरा जानेवारीची मुदत मिळाली होती. तिच्या आधी दोन दिवसांचं तिकीट मी काढून ठेवलं.

म्हातारा बंदूक घराबाहेर नेऊ देईना, म्हणून जोसेफ तीन दिवस मजलिसमध्ये बसून मापं घेत होता. मन लावून केलं बरं का त्याने. निशाण साधायच्या पट्टीवरचे जुने आकडे, नळीवरचा तुर्की शिक्का, हे सगळं त्याने कागद ठेवून वर पेन्सिल घासून उतरवून आणलं. लाकडी दस्त्यावरची चीर कुठे सुरू होते, कुठे संपते, तेही लिहिलं होतं. मी दस्ता अक्रोडाचा केला. नळी म्हणजे लेथवर कातलेली भरीव कांब, फक्त तोंडाशी दोन इंच पोकळ. त्यातून गोळी काय, वाटाणाही उडाला नसता. दस्त्याभोवतीच्या कड्या, चापाभोवतीची कमान आणि मागची पट्टी मात्र ओतायची होती. ती चीरसुद्धा मी कोरली. काम बघून माझीच छाती फुगली.

दोन गोष्टी खटकल्या होत्या. कड्या दस्त्यावर चढताना फार घट्ट जात होत्या, त्या मी कानशीने घासल्या. कमान खाचेत बसवली तर टोकाशी दोन मिलिमीटर फट राहिली, ती लाखेने बुजवली. घाई होती. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता, पण माझं डोकं तिकिटात.

तर आता मजलिसमध्ये खालिद जोसेफवर ओरडत होता. "तुम इंजिनियर? टेप पकडना नहीं आता? बाप के सामने मेरा इज्जत गया. खलास. तुम्हारा काम खलास. अगला हफ्ता घर जाओ."

जोसेफ पांढरा पडला. "मुदीर, नाप मेरा ठीक है. मैंने तीन बार लिया." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "दत्ताभाई, बोलो ना. ड्रॉइंग में क्या लिखा था?"

ड्रॉइंगमध्ये बाराशे पस्तीस लिहिलं होतं. बंदूक बाराशे सत्तेचाळीस कशी झाली? माझा हात सवयीने छातीच्या खिशाकडे गेला. खिशात माझी पट्टी होती. अंगठ्याने ती चाचपली.

ती श्रिंक स्केल होती. बीड गार होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? त्यासाठी आम्हा लोकांची पट्टीच वेगळी असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचे तीनशे मिलिमीटर म्हणजे खरे तीनशे तीन. कोल्हापुरात आमचे उस्ताद साधी पट्टी बाकावर दिसली तर दोन तुकडे करून फेकायचे. दोन पट्ट्यांची गल्लत झाली की शंभर नमुने भंगारात. त्यामुळे माझ्या पेटीत साधी पट्टी कधी नव्हतीच. ओतायचे भाग मी त्या पट्टीने केले, ते बरोबर. ते आकसून मूळ मापाला आले. पण त्याच पट्टीने मी दस्ता आणि नळीही केली. लाकूड कशाला आकसतंय? कड्या घट्ट का गेल्या आणि फट का पडली, ते आत्ता कळलं.

खोटं कशाला सांगू, मी लगेच बोललो नाही. चार दिवसांवर तिकीट. गप्प बसलो तर फार तर टोक कापून पॉलिश करून देता येईल, खालिद पासपोर्ट देईल, मी जाईन. मालनचा चेहरा समोर आला. आणि इथे जोसेफ उभा. दर महिन्याला घरी पत्र लिहिताना मला विचारायचा, दत्ताभाई, तुमच्याकडेही इतका पाऊस असतो का. त्याने मापात काडीची चूक केली नव्हती.

"मुदीर, गलती मेरा है," मी म्हणालो आणि पट्टी काढून जोसेफच्या टेपशेजारी ठेवली.

तीनशेची रेघ तीनशेशी जुळेना. खालिद वाकून बघत राहिला. मग जो काय तापला! "तुम को मालूम था?"

"अभी मालूम हुआ."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. त्याला दिसायचं कमी. त्याने टेप आणि पट्टी जवळजवळ धरून बोटाने रेघा चाचपल्या आणि मला विचारलं, असली खोटी पट्टी कशाला बाळगतोस? मोडक्यातोडक्या अरबीत मी सांगितलं की आमचा धातू गार होताना लहान होतो, म्हणून आम्ही आधीच मोठं धरून चालतो. तो खो खो हसला.

"खालिद, या मल्याळीला ठेव," तो म्हणाला. "आणि याला जाऊ दे घरी. मला घाई नाही."

"मला आहे," खालिद म्हणाला. "दुसरी बंदूक, मग पासपोर्ट."

जोसेफला त्याने ठेवलं, पण माझ्या बाबतीत बापाचंही ऐकलं नाही. मी वर्कशॉपमध्ये गेलो आणि हातोडी भिंतीवर फेकून मारली. तेवढ्याने काय होणार? उचलून आणली आणि कामाला लागलो.

जोसेफ रोज ड्यूटी संपली की माझ्याकडे यायचा. मी रेघ मारायची, त्याने टेप लावून "ओके" म्हणायचं, मगच करवत. दस्ता आणि नळी नव्याने, कड्या आणि कमान जुन्याच. या वेळी कड्या लोण्यासारख्या चढल्या. दहाव्या दिवशी बंदूक गवसणीत गेली, बटण लागलं. म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि खालिदने मुकाट्याने पासपोर्ट आणून दिला.

पण त्याच्या दोन दिवस आधी लढाई सुरू झाली होती. विमानतळ बंद. पासपोर्ट हातात घेऊन मी दम्माममध्ये बसलो. भोंगा वाजला की गॅस मास्क लावायचा, कॉटखाली शिरायचं आणि घाम पुसत पडून राहायचं. मुलगी झाल्याचं फोनवर कळलं, गडहिंग्लजच्या किराणा दुकानदाराकडून. मी टेलिफोन केबिनमध्येच रडलो. मागच्या रांगेतला पठाण ओरडायचा थांबला.

अस्सल बंदूक रियाधला कधी गेलीच नाही. तिथेही क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर म्हाताऱ्याने साफ नकार दिला. अस्सल आणि नवी नक्कल, दोन्ही दम्माममध्येच राहिल्या. पहिली, लांबवाली, खालिदने ऑफिसात टांगली, नवीन पोरांना दाखवायला.

मार्चमध्ये घरी पोचलो. मालनने पोरगी माझ्याकडे दिली आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाल्यावर विचारलं, "का नाही आला?" मी सगळं सांगितलं, पट्टीपासून. ती म्हणाली, "त्या जोसेफला पोरंबाळं आहेत?" मी म्हटलं, तीन. "मग बरं केलं," म्हणाली, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तेव्हा मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

धंद्यातल्यांना एकच सांगतो. करवत उचलायच्या आधी हातातली पट्टी कुठली ते बघा. घट्ट जाणारी कडी घासू नका, का घट्ट जाते ते शोधा.

निघताना जोसेफने त्याची टेप मला देऊन टाकली होती. घरी पोचलो त्या संध्याकाळी पोरगी झोपल्यावर मी ती टेप तिच्या शेजारी पसरून बघितली. सत्तावन्न सेंटिमीटर भरली. जन्मली तेव्हा किती होती, ते मला दवाखान्याच्या कार्डावर वाचावं लागलं.