काच घासताना मनगट कोणी धरलं?

आधी डॉ. रुबिना मॅडमचं नाव घेतो, मग काय घडलं ते सांगतो. मॅडम उरणच्या, आमच्या लॅबच्या प्रमुख. आठवीनंतर शाळा सोडलेल्या माणसाला त्यांनी लॅबमध्ये घेतलं. मी हिंगोली जिल्ह्यातला, आता घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहतो. याआधी पाच वर्षं दोरीवर लटकून टॉवरच्या काचा पुसल्या. विसाव्या मजल्यावर एकटा लटकूनही कधी काही वेगळं दिसलं नाही, म्हणून इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी हसायचो. आता स्वतःच लिहितोय... चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. महापे एमआयडीसीत आमची लॅब स्क्रीनसाठी फिल्म बनवते. तिच्यात साध्या मायक्रोस्कोपलाही न दिसणाऱ्या काड्या असतात, यूव्ही दिव्याखाली हिरव्या चमकणाऱ्या. त्या सगळ्या एकाच दिशेला झोपायला हव्यात. ते काम लिक्विड क्रिस्टल करतं — वाहतं, पण रांग सोडत नाही, आणि काड्या त्या रांगेत शिरतात. रांगेची दिशा ठरते काचेवर मखमलीचं कापड कसं ओढलं त्यावर. घासायचं मशीन बंद पडलेलं, म्हणून ओढणं माझ्याकडे. हाताने.

तीन महिने फिल्म बिघडत होती. समोर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा उजेड सोडणारी काच, धरून फिरवला की उजेड विझायला हवा, तरच काड्या रांगेत. आमचा विझायचाच नाही. कडेला तर विस्कटलेल्या केसांसारखं.

"दत्ता, काच पुसतोयस की आमचं प्रोजेक्ट?" इंजिनीअर संतोष म्हणायचा.

शेवटी वरच्या साहेबांनी मॅडमना सांगितलं — शुक्रवारी पाहुण्यांसमोर चाललं नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि तुमचा हा आठवी पास आधी घरी. मला जेवण जाईना. आपल्यामुळे मॅडमना ऐकून घ्यावं लागतंय, हेच डोक्यात.

शुक्रवारी सकाळी साडेआठला क्लीनरूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही न चालणाऱ्या खोलीत, मी एकटा. दाराशी धूळ धरायला चिकट मॅट असते, तिचा वरचा थर रोज मीच सोलतो. सोलला, आत गेलो. आत सगळ्यांचा पांढरा सूट, हूड, मास्क, गॉगल... माणूस उंचीवरूनच ओळखायचा.

तिसरी काच घासताना शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. उंची मॅडमएवढी. म्हटलं, "गुड मॉर्निंग मॅडम." कापड ओढलं, ओढ संपत आली, तसं माझं मनगट धरलं. घट्ट नाही — आई तापल्या तव्यापासून आपला हात बाजूला करते तसं. सरळ काचेबाहेर नेलं, सोडलं. पुन्हा तेच. पुन्हा.

चौथ्या ओढीला कळलं! टॉवरची काच पुसताना शेवटी हात वळवायचा असतो, नाहीतर पाण्याचा ओघळ राहतो. ती पाच वर्षांची सवय... इथेही प्रत्येक ओढीच्या शेवटी हात वळत होता, आणि मलाच पत्ता नव्हता.

"कळलं मॅडम! वळवायचा नाही!"

मान वर केली, तर कोणी नाही. वाटलं, गेल्या असतील. सगळ्या काचा सरळ हाताने घासल्या. दहाला बाहेर आलो, तर मॅडम गेटमधून धावत येत होत्या.

"सॉरी दत्ता, अम्मीला डॉक्टरकडे नेलं होतं. सुरू केलंस ना?"

"मॅडम, मघाशी तुम्हीच तर..."

"मी? अरे, मी आत्ता रिक्षातून उतरतेय!"

उलटा पळालो, मॅट पाहिली. माझे पाय आत जाताना, माझेच बाहेर येताना. तिसरी खूण नाही. त्या खोलीला दुसरं दारही नाही.

चार वाजता पाहुण्यांसमोर संतोषने त्याच काचांवरच्या फिल्मपुढे पोलरायझर फिरवला. हिरवा उजेड मंद झाला... विझला. पार कडेपर्यंत! पुन्हा फिरवला — लख्ख!

"आईशप्पथ, दत्ता!" संतोष पाहुण्यांसमोरच ओरडला.

एका पाहुण्याने विचारलं, घासलंय कोणत्या मशीनवर? साहेब म्हणाले, "आमच्या मॅडमनी स्वतः—"

"नाही सर," मॅडमनी मध्येच तोडलं. "दत्ताने. हाताने."

मग टाळ्या. एकेक जण येऊन माझा हात हातात घेत होता आणि मी नुसता "थँक्यू, थँक्यू" करत होतो. प्रोजेक्ट वाचलं, मी कायम झालो. त्या दिवसापासून माझ्या हातची एकही फिल्म बिघडलेली नाही.

नंतर दोघांना सगळं सांगितलं. संतोष म्हणाला, "भूतसुद्धा तुझ्याच पार्टीचं काय रे!" मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला नाही माहीत दत्ता, कोण ते." लोक म्हणतात टेन्शनमुळे भास झाला. असेल... पण जी चूक तीन महिने इंजिनीअरांना सापडली नाही, ती भासाला कशी सापडली?

मनगट धरणाऱ्याचं ऋण कुठे फेडायचं, ठाऊक नाही. मॅडमचं मात्र फेडणार. बाहेरून दहावी द्यायला सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. गणिताची धास्ती आहे, तरी पास झालो की मार्कशीट आधी मॅडमच्या टेबलावर ठेवणार, मग गावी फोन. तुमच्या सगळ्यांसमोर लिहून देतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.