नऊ नंबरचे बूट आणि माझं जोडवं

बूट घातल्यानं नवरा मरत नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. पंचवीस-तीस वर्षांखाली नव्हतं.

तेव्हा माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं थोडं पळा, न्हाईतर सुई घ्यावी लागंल." सुईला मी जाम भिते. (कडब्याच्या पेंढ्या सांगा, गाडीभर उचलीन!) म्हणून आम्ही दोघं वाटूरहून एसटीनं जालन्याला गेलो, बूट घ्यायला.

दुकानातल्या चाचांनी पाच नंबरचा बूट काढला. माझा पाय निम्म्यात अडला.

"भाबी, जोडवी निकालो. बूट एकदम बराबर आहे."

मी पाय मागं ओढला. लग्नाला बावीस वर्षं झालेली, बाळंतपणातसुद्धा जोडवी काढली नव्हती.

"अगं, काढ की," हे म्हणाले. हे शाळेत विज्ञान शिकवायचे. "बोटातल्या कड्याचा अन् नवऱ्याच्या आयुष्याचा काय संबंध?"

"मंग काढू?" मी खरंच बोटाला हात घातला.

ह्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "तसं... राहू दे. चाचा, मोठा दाखवा."

सहा झाला, सात झाला, आठातही जोडवी टोचायची. शेवटी पुरुषांचा नऊ नंबर! त्यात जोडवी ऐसपैस बसली, थोडं सरकून मीही बसले असते.

"पुढं चिंध्या कोंबा," चाचा म्हणाले आणि हसू लपवायला फळीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी खोचून मी परतूरच्या रस्त्याला लागले. फटाक-फटाक! शेजारच्या गंगूबाई ओट्यावरून ओरडल्या, "ओ मास्तरीणबाई, म्हशीमागं पळून राह्यल्या का?"

"साखर उतरवून राह्यले!"

मैलाच्या दगडापाशी बुटात खडा गेला. खाली बसले, बूट काढला, अन् बघते तर उजव्या पायातलं जोडवं गायब!

निघताना हे बाजेवर उताणे निजलेले होते. पण घोरत होते का? छाती हलत होती का? काही म्हणजे काही आठवेना! दोन्ही बूट हातात घेतले आणि अनवाणी सुटले. काटा नाही पाहिला, खडा नाही पाहिला.

"आता म्हैस मागं लागली का हो?" गंगूबाई.

घरात शिरले. हे तसेच उताणे, तोंड उघडं.

"अहो!" हालचाल नाही. "अहोऽऽ!" मी गदागदा हलवलं.

"काय झालं? कोण मेलं?" हे धडपडून उठले.

मला रडूच फुटलं. जोडव्याचं सांगितलं, तसा विज्ञानाचा माणूस पांढराफटक! मी बुटातल्या चिंध्या उपसून राह्यले, तर हे स्वतःची नाडी बघून राह्यले! एका चिंधीच्या दोऱ्यात जोडवं गुंतलेलं सापडलं. ह्यांनीच खाली बसून जल्दी जल्दी माझ्या बोटात चढवलं, मग परत एकदा नाडी बघितली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "काय बाई, पळता का?"

"बिलकुल! घोड्यासारखी पळती," हे म्हणाले. "नऊ नंबरचे बूट घेतलेत."

"नऊ? एवढे मोठे पायात राहतात तरी का?"

मी खाली मान घातली. "पायात कशाला? मी हातात धरून पळते."