मावशीची बोटं

माझी मावशी बावीस वर्षं मुलांची चित्रांची पुस्तकं शिवते आहे. आमची पुस्तकं कापडी असतात, ज्यांना दिसत नाही अशा मुलांनी बोटांनी बघायची. मांजर मखमलीची, रस्ता सँडपेपरचा, नदी निळ्या सॅटिनची. निळी कशाला, असं विचारू नका. शेजारी बसलेलं, डोळ्यांनी दिसणारं मूलही तेच पुस्तक वाचणार असतं. गोष्टी मात्र सगळ्या एका वळणाच्या. कोणाला ऐकू येत नाही, कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणाला खेळायला घेत नाहीत. दहाव्या पानावर भांडण आणि बाराव्या पानावर गळ्यात गळे. चित्राखाली ब्रेलच्या ओळी उठवायचं काम माझं. 'सगळ्यांना जागा आहे' हे वाक्य मी इतक्यांदा उठवलंय, की आता नुसतं ऐकलं तरी जांभई येते.

मावशीच्या समोरच्या खुर्चीत आमची तपासनीस बसते. ती जन्मापासून अंध आहे. तिच्या बोटाखालून गेल्याशिवाय एकही पान बाहेर जात नाही, म्हणून सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणतात. मावशी नवीन असताना तिनं एक मोठी मुलगी आणि मागे लांबवर इवलंसं घर शिवलं होतं. इन्स्पेक्टरनं पान चाचपलं आणि म्हणाली, "ही बाई या घरात मावणार कशी?" लांबचं लहान दिसतं, हे बोटांना कुठून कळणार? मावशीनं गुमान सगळी घरं उसवली. तेव्हापासून दोघींची गट्टी. एका डब्यात जेवण आणि दिवसातून दोनदा भांडण. "डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे हे," इन्स्पेक्टर ऐटीत सांगायची, "म्हणून तर मला ठेवलंय."

दीड वर्षापूर्वी मावशीची बोटं बधिर व्हायला लागली. साखरेचा आजार जुना, पथ्याच्या नावानं बोंब. आधी टोकं गेली, मग पेरं. एकदा घरी गरम इस्त्रीवर तिचं बोट टेकलं, आणि वास मला आला तेव्हा तिला कळलं. मी म्हटलं, आता कामावर सांगून टाक. तर माझ्यावरच खेकसली, "तोंड उघडलंस तर बघ! ज्या बाईच्या बोटांना काही कळत नाही, तिला बोटांची पुस्तकं कोण शिवू देईल? घरी बसून भिंती बघू का?" मी गप्प बसले. तसं गप्प बसायला मला आवडतंच, कष्ट कमी पडतात. ती डोळ्यांनी अंदाज घेत शिवत राहिली. संध्याकाळपर्यंत मान आखडायची, डोळे लाल व्हायचे. विचारलं तर म्हणायची, "मशीन जड चालतंय आज." मशीनला मीच तेल घालते. ते जड चालत नव्हतं.

पान पुढे सरकवण्याआधी त्यावरून दोनदा हात फिरवायचा, हा आमचा नियम. शिवताना लावलेली एखादी टाचणी आत राहू नये म्हणून. त्या दिवशी मावशीनं हात फिरवला. मी स्वतः पाहिलं, दोनदा फिरवला. पान इन्स्पेक्टरकडे गेलं, आणि ती किंचाळली.

टाचणी तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात, चांगली खोल गेली होती. ती वाचते त्याच बोटात. पांढऱ्या मखमलीच्या सशावर रक्ताचा ठिपका पडला. मी धावत जाऊन कापूस आणला. पान माझंच, असं सांगून टाकावं, असं मनात आलं होतं. पण टाचण्या लावणारी खोलीत एकटी मावशी, आणि ते इन्स्पेक्टरला पाठ होतं.

"हात फिरवला नव्हतास?" तिनं विचारलं.

"फिरवला होता."

"मग?"

मावशी खाली बघत म्हणाली, "कळत नाही मला. दीड वर्ष झालं. बोटांना काहीच कळत नाही."

इन्स्पेक्टरनं बोटावर कापूस घट्ट दाबला. मला वाटलं, आता आमच्या पुस्तकातल्यासारखं काहीतरी होईल. झालं नाही.

"हे एखाद्या पोराच्या बोटात गेलं असतं," ती म्हणाली. "आणि आता चार दिवस मला एक अक्षर वाचता येणार नाही. काढून टाकतील म्हणून बाकीच्यांपासून लपवलंस, ते समजलं मला. पण माझ्यापासून का? रोज माझ्यासमोर बसतेस ना?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. पण ती इतकी दमली होती, की खोटं रचायचंही तिच्या जिवावर आलं असावं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "तुझ्यासारखं होण्याची."

बावीस वर्षं ज्यांच्यासाठी शिवलं, त्यांच्यातलीच एक समोर बसलेली, आणि तिच्या तोंडावर हे वाक्य. मला मावशीचा राग आला, आणि मग माझाच आला, कारण मी गप्प बसले होते ते त्याच लाजेनं.

"बरं," इन्स्पेक्टर म्हणाली. "माफबिफ केलेलं नाही मी. होईल तेव्हा होईल. टाचण्या आजपासून बंद, कपड्यांचे चिमटे लावायचे. हात दे इकडे."

मावशीनं हात पुढे केला. इन्स्पेक्टरनं सँडपेपरचा तुकडा घेतला आणि तिच्या बोटाच्या टोकावर घासला.

"इथे कळतं?"

"नाही."

तळव्यावर घासला. "इथे?"

"नाही."

तुकडा मनगटावर आला, तिथून हाताच्या आतल्या बाजूनं कोपराकडे सरकायला लागला. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हुंदके यायला लागले.

"रडतेस काय," इन्स्पेक्टर ओरडली, "आधी सांग, कळतं का?"

"कळतं," मावशी म्हणाली.

"मग उद्यापासून पानावरून बोटं नाही, हाताचा हा भाग फिरव."