इशबेल आणि सातव्याचा चढ

इशबेल गेडिस चिडली की शेडच्या पत्र्यावरचे सीगल उडून जातात. ही थट्टा नाही, मी स्वतः पाहिलंय. फाइफच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गोल्फ मैदानाचं गवत तिच्या ताब्यात आहे. त्याआधी ते तिच्या बापाच्या, सँडीच्या ताब्यात होतं. मी वॉटी लम्सडेन, कापणीचं यंत्र चालवणारा. दोघांच्याही हाताखाली राबलो. सँडी दिवसभरात चार शब्द बोलायचा. ही पोरगी बापाच्या वाटणीचंही बोलते, आणि त्यातलं निम्मं छापता येणार नाही.

ती चिडते ते गवतासाठी. दवावरून गोल्फच्या काठ्यांची गाडी ओढणाऱ्यावर, कुत्रा मोकळा सोडणाऱ्यावर, चेंडू मारताना उडालेलं ढेकूळ परत जागेवर न लावणाऱ्यावर. एकदा तिने एका जज्जसाहेबांना गुडघ्यावर बसवून ढेकूळ लावायला लावलं होतं. मला तिचा राग आवडायचा. यंदाच्या वसंतात मात्र ती माझ्यासाठी चिडली, आणि मग माझी झोप गेली.

झालं असं, की डिझेलच्या यंत्राने माझी बोटं खाल्ली. आयुष्यभर ते थरथरणारं चाक धरून शेवटी बोटांतलं रक्तच पळालं. गारठ्यात ती मेणबत्तीसारखी पांढरी पडतात आणि शर्टाचं बटण लावता येत नाही. डॉक्टरीण म्हणाली, थरथर बंद, नाहीतर बोटं कायमची गेली. क्लबचे कॅप्टन मिस्टर प्रिंगल, सदस्यांनी निवडून दिलेले, स्वभावाने लोण्यासारखे गुळगुळीत. ते म्हणाले, "वॉटीला मानाने निरोप देऊ या. छानसं मनगटी घड्याळ देऊ."

"घड्याळ?" इशबेल कडाडली. "त्या बोटांनी त्याला पट्टा तरी लावता येणार आहे का? गवत कापून कापून त्याचे हात गेले ते तुमच्या पायाखालच्या गालिच्यासाठी! घड्याळ म्हणे!"

विजेवर चालणारं यंत्र आणा, त्यात थरथर नसते, वॉटी ते चालवील, असं म्हणून ती कमिटीच्या मानगुटीवरच बसली. शेवटी विक्रेत्याने एक यंत्र वापरून बघायला दिलं. प्रिंगलसाहेबांनी अट घातली: क्लबच्या चषकाच्या शनिवारी गवताचे सगळे पट्टे पहिला खेळाडू यायच्या आत एका चार्जिंगमध्ये कापून झाले, तर यंत्र ठेवू. नाहीतर डिझेल परत. म्हणजे मी घरी. घरी एकट्या माणसाने काय करायचं, भिंतींशी बोलायचं? मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की त्यांच्या पुढ्यात टोपी काढायचीसुद्धा मी बंद केली.

यंत्र झकास होतं. पात्यांचे पाच रूळ, प्रत्येकाला स्वतःची मोटर, आणि पाचांना आणि चाकांना मिळून एकच बॅटरी. आत एक डबा असतो, तो वीज वाटून देतो. रूळ जास्त ओढायला लागले की तो आधी चाकांची वीज कमी करतो, म्हणजे पाती मंदावत नाहीत, यंत्र फक्त हळू चालतं. कोण किती ओढतंय ते समोर पडद्यावर दिसतं. पाच रुळांचे पाच पट्टे, हिरवे असले की ठीक, लाल झाले की ओझं वाढलं.

आमचे पाचही कायम लाल. सपाटीवर यंत्र रखडत चालायचं, आणि सातव्या होलच्या चढावर तर गोगलगायीने ओव्हरटेक केलं असतं. बाराव्यापर्यंत बॅटरीने मान टाकलेली. मग मला दोरीने ओढून आणायचं, आणि क्लबच्या खिडकीत प्रिंगलसाहेब हातात कॉफी घेऊन उभे.

इशबेलने सगळ्यांना धारेवर धरलं. विक्रेत्याला फोनवर, कारखान्याला फोनवर, मला तोंडावर. "तू चढावर वळतोस कसा? बैलगाडी आहे का ती?" मी म्हटलं, "बाई, बैल असते तर केव्हाच वर पोचलो असतो." त्यावर तिने हातातला बेकन रोल मला फेकून मारला. मी तो झेलून खाल्ला.

अखेर विक्रेत्याकडून फर्गस आला. तिशीचा, दाढीवाला, पोटात न ठेवणारा. त्याने पडद्याकडे पाहिलं, वाकून रुळाखाली पाहिलं, आणि सरळ बोलला, "यंत्राला काही झालेलं नाही. तुम्ही पाती फार घट्ट लावताय."

इथे एक सांगायला हवं. रूळ फिरतो तो खालच्या एका स्थिर पात्यावर. त्या दोघांच्या कात्रीत गवत कापलं जातं. दोघांमध्ये किती फट ठेवायची, हे ठरवण्यात गवत राखणाऱ्याचा सगळा तोरा असतो. सँडी कानाने लावायचा. डोळे मिटून रूळ हाताने फिरवायचा, आणि पात्यावर पातं घासून बारीक शीळ निघेपर्यंत स्क्रूला पीळ देत राहायचा. "गायला पाहिजे," एवढंच म्हणायचा. त्या शिळेवरून आमच्या किनाऱ्यावर कोणाची पाती कोणी लावलीत ते ओळखू यायचं. इशबेल त्या शिळेत वाढली.

"घट्ट?" ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला, आणि मी हळूच दाराकडे सरकलो. "दाढी फुटायच्या आधी मैदान पाहिलं होतंस का कधी? माझ्या बापाने लावलेल्या पात्यांवर इथे तीन पिढ्या खेळल्या!"

"तुमच्या बापाकडे डिझेल होतं," फर्गस म्हणाला. "घासण्यात ताकद गेली तरी इंजिन गिळून टाकायचं, कोणाला कळायचंसुद्धा नाही. इथे मोजकी वीज आहे. तुमचे रूळ गवताशी नाही, आपल्याच पात्याशी भांडतायत. हवं तर दुसरा उपाय करतो. चाकांना आधी वीज देतो, रूळ मंदावू देत. शनिवार निघून जाईल."

"आणि गवताचे शेंडे फाडून ठेवू? चार दिवसांत सगळं पांढरं पडेल. चालता हो!"

तिने पाना उचलला. फर्गस शहाणा, तो गेला. मी मात्र पहिल्यांदाच तिच्यावर ओरडलो. म्हटलं, "इशबेल, तो सांगतोय ते एकदा करून तर बघ! नोकरी माझी जाणार आहे, तुझ्या बापाची नाही!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पाना माझ्यावर. पण ती यंत्रावर जाऊन बसली. "उठसूट पाती, पाती. चालवता तुला येत नाही." आणि स्वतः सातव्याच्या चढावर घेऊन गेली. मी खाली उभा राहून बघत होतो. यंत्र तिच्याखालीही तसंच रखडलं. तिने शिव्या दिल्या, पडद्यावर थाप मारली, पाय आपटले. यंत्राला त्याचं काही नव्हतं.

परत आल्यावर तिने यंत्र शेडमध्ये घेतलं, चाकांना ब्रेक लावला, रूळ उचलून हवेत धरले आणि नुसतेच फिरवले. तपासणीसाठी तशी सोय असते. पाचही गायला लागले, सँडीचीच शीळ. खाली गवताची एक काडी नव्हती. चढ नव्हता. आणि पडद्यावर पाचही पट्टे लाल.

ती बघत राहिली. मग तिने यंत्र बंद केलं. इशबेल गप्प झालेली मी सँडीच्या दफनानंतर पहिल्यांदा पाहिली, आणि तिच्या आरडाओरड्याची मला कधी वाटली नव्हती इतकी त्या गप्प बसण्याची भीती वाटली.

"चहा कर," ती शेवटी म्हणाली, "आणि तोंड उघडलंस तर याद राख."

बाहेर फलकावर प्रिंगलसाहेबांची चषकाची सूचना लावली होती. ती तिने फाडून आणली आणि तिच्या लांब पट्ट्या केल्या. मग एकेका रुळाच्या धारा घासून तेज केल्या आणि स्क्रू उलटा फिरवायला घेतला. थोडा सैल, की रूळ फिरवायचा, पात्यांत कागद घालून बघायचा. पुन्हा थोडा सैल. शीळ बारीक होत गेली, मग नुसता श्वास राहिला, मग तोही नाही. आणि तरी कागद स्वच्छ कापला गेला, प्रिंगलसाहेबांची सही मधोमध. पाचव्या रुळाशी तिचा हात थांबला. कान जवळ नेऊन ती ऐकत राहिली. मग तिने तोही सैल केला, आणि पाना असा भिरकावला की रंगाचा डबा फुटला.

शनिवारी दव दाट होतं. प्रिंगलसाहेब आणि कमिटी सातव्यापाशी येऊन उभी होती, जणू कोणाला फाशी द्यायची होती. मी रूळ टेकवले. पडद्यावर पाच हिरवे पट्टे. मध्ये दाट गवत लागलं तसा एखादा पिवळा व्हायचा, पुन्हा उतरायचा. यंत्र चढ चढलं, न कुरकुरता, जिना चढल्यासारखं, आणि मागे नीट कापलेला पट्टा पडत गेला. बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती, आणि माझी बोटं उबदार होती.

"बघा!" प्रिंगलसाहेब टाळ्या वाजवत म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, यंत्र उत्तम आहे!"

हे मला वरपर्यंत ऐकू आलं. डिझेलवर कानांना टोप्या लावून उभा जन्म गेला, मैदानावर कोण काय बोलतं ते मला कधी कळलंच नव्हतं. आता सगळं ऐकू येत होतं. चंडोल पक्षी, समुद्र, आणि इशबेल. तिने आधी प्रिंगलसाहेबांना झोडपलं, इतकं की कमिटी चार पावलं मागे सरकली. मग ती एकटीच चढाच्या पायथ्याशी आली, माझ्याकडे पाठ करून, आणि पुन्हा सुरू झाली. मला वाटलं आता माझी पाळी.

माझी नव्हती. "म्हाताऱ्या," ती खालच्या कुंपणापलीकडे, चर्चच्या दफनभूमीकडे बघत ओरडत होती, "सांगायचं होतंस ना, की ती शीळ फक्त तुझ्या यंत्रापुरती होती म्हणून! आता मी काय ऐकायचं?"

मी वरच्या टोकाला वळलो, आणि गवत कापल्याची सळसळ तिला ऐकू जावी म्हणून तिच्या जवळून जाताना यंत्र जितकं हळू नेता येईल तितकं हळू नेलं.