चौदा पावलांचा दवाखाना

औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि म्हाताऱ्यांचे किस्से, दोन्ही दवाखान्यात साठतच जातात. बाटल्या निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? साकीनाक्याला टिपणीस डॉक्टरांकडे मी आठ वर्षं कंपाउंडर होते, म्हणजे माझ्याकडे साठा केवढा असेल बघा! आज फक्त म्हाताऱ्यांच्या चालण्याचे सांगते. नाहीतर तुमचा चहा गार व्हायचा.

*

आमचा दवाखाना म्हणजे पूर्वीचा लेथ मशीनचा गाळा. अरुंद आणि लांबच लांब. फरशीवरचे तेलाचे डाग मी किती घासले, पण गेले नाहीत. दुसरा कोणी असता तर त्यानं मध्ये पार्टिशन टाकलं असतं. आमच्या डॉक्टरांनी टेबल नेऊन ठेवलं थेट मागच्या भिंतीला! दारापासून पेशंटच्या खुर्चीपर्यंत मोजून चौदा पावलं. साठीच्या पुढचं कोणी आत आलं की डॉक्टर पेन खाली ठेवायचे आणि त्याची चाल बघत बसायचे.

एकदा एक नवीन आजोबा आले. चौदा पावलं चालून खुर्चीत बसले, शर्टाची बाही वर केली आणि म्हणाले, "तपासा."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. म्हणाले, "झालं की तपासून!"

आजोबा तडक माझ्या खिडकीशी. "काय हो बाई, हातसुद्धा लावला नाही! हे डॉक्टर आहेत की ज्योतिषी?"

मीही डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुमन, नुसते पाय मंदावले तर गुडघा बघायचा. पण पाय आणि डोकं दोन्ही एकदमच मंदावायला लागली, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. अशी माणसं लवकर जातात गं."

मी मान डोलावली. पण त्या दिवशी घरी गेले आणि नानांना पाणी प्यायला उठताना बघितलं, तेव्हा मी नकळत त्यांची पावलं मोजायला लागले.

*

नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले. आई गेल्यावर माझ्याकडे आले. त्या वर्षी त्यांचं चालणं इतकं मंदावलं की कोपऱ्यावरून पाव आणायला पाऊण तास लागायचा. मी चिडवायची, "नाना, पाव आणता की भाजून आणता?" ते हसायचे.

मग एक दिवस पाव आणायला गेलेले नाना मरोळ नाक्यावर सापडले. हातात पाव होता, घर कुठं ते आठवत नव्हतं. एका रिक्षावाल्यानं विचारत विचारत आणून सोडलं.

हे मुलुंडला दादाला कळलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. सणावारी तोंड दाखवणारा, पण हुकूम सोडण्यात एक नंबर! म्हणाला, "नानांना गावी काकांकडे ठेवू. तिथं ट्रॅफिक नाही."

नाना म्हणाले, "गावात आता मला ओळखणारं कोण उरलंय? इथं पाववाला तरी ओळखतो."

शेवटी दादानं अट घातली. "तुझ्या डॉक्टरांना दाखव. ते 'ठीक आहे' म्हणाले तर राहू दे. नाहीतर दिवाळी झाली की मी गावी पोचवून येतो."

दोन महिने मी टाळलं. जगाच्या म्हाताऱ्यांना मी औषधं देत होते आणि स्वतःच्या बापाला दवाखान्यात नेत नव्हते! ती चौदा पावलं काय सांगतील ते मला माहीत होतं. भीती वाटायची हो, सरळ सांगते.

*

चौदा पावलांचं गुपित फार दिवस टिकलं नाही. आमच्या बाहेरच्या बाकावर साळवेमामा बसायचे, रिटायर्ड पोस्टमन. त्यांनी एका आठवड्यात सगळं ताडलं आणि बाकावरच क्लास काढला! "मान वर. हात हलवा. जमिनीकडे बघायचं नाही, डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघायचं. चला, वन टू!" शेजारच्या पिठाच्या गिरणीसमोर म्हाताऱ्यांची परेड चालायची आणि गिरणीवाला दळण सोडून बघत बसायचा.

पहिला विद्यार्थी मेस्त्री. कुडाळचे, सुतारकाम करून म्हातारे झालेले. गडी असा सुटला की खुर्ची आली तरी थांबेना! थेट वजनकाट्यावर जाऊन आदळला. काटा थरथरला, मेस्त्री थरथरले. पण छाती काढून म्हणतात कसे, "डॉक्टरांनू, बघितलास? माका काय्येक झाला नाय!"

डॉक्टर म्हणाले, "इंजिन झकास आहे मेस्त्री. आता ब्रेक बघू या."

*

डॉक्टरांची आणखी एक खोड होती. पेशंट अर्ध्यात आला की टेबलावरूनच काहीतरी विचारायचे. चालता चालता उत्तर दिलं तर बरं. उत्तर द्यायला पाय थांबले, तर डॉक्टर कपाळाला आठी घालायचे.

एकदा शांताकाकी येत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काकी, आज घरी भाजी काय?"

काकी थांबल्या. डॉक्टरांच्या कपाळाला आठी. माझाही हात थांबला.

काकींनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले. "कुणाची भाजी? मी केलेली, का सुनेनं केलेली? नाही, म्हणजे सुनेनं केली त्याला भाजी म्हणायचं असेल तर बसा, सविस्तर सांगते!"

वीस मिनिटं सांगितलं, तेसुद्धा उभ्यानं! डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, 'स्मरणशक्ती उत्तम'. आणि मला हळूच म्हणाले, "सुनेला बोलावून घे. टॉनिकची गरज तिला आहे."

*

मग निघाली शब्दांची परीक्षा. डॉक्टर तीन शब्द सांगायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि पाच मिनिटांनी तेच शब्द विचारायचे. शब्द ठरलेले होते. कांदा, कंदील, कुलूप. झालं! पहिला पेशंट बाहेर पडला तोच बाकावर पेपर फुटला.

दुसऱ्या दिवशी शांताकाकी आल्या आणि दारातूनच सुरू. "कांदा, कंदील, कुलूप! आता माझ्या गुडघ्याचं बघा."

"अहो काकी, मी अजून शब्द सांगितलेच नाहीत!"

"मग तुम्ही विसरलात. मी नाही!"

डॉक्टरांनी शब्द बदलले. पेरू, छत्री, पाटा. त्या दिवशी नेमके साळवेमामाच आत होते. पाच मिनिटांनी डॉक्टरांनी विचारलं, तर मामा ऐटीत म्हणाले, "कांदा, कंदील, कुलूप."

"नापास!" डॉक्टर म्हणाले.

मामा लालेलाल. "ह्याला काय अर्थ आहे डॉक्टर? मी बाहेर वीस जणांना शिकवलंय, माझी इज्जत काय राहिली?"

*

आणि आता नानांचं सांगते.

दिवाळी तोंडावर आली. दादाचा निरोप आला, "शनिवारी मी स्वतः येतो." माझी वाट लागली. साळवेमामांनी आठवडाभर नानांची शिकवणी घेतली. "वन टू" म्हटलं की नाना "वन" करायचे आणि "टू"ला विचार करत उभे राहायचे. मामा शेवटी मला म्हणाले, "सुमन, पोरी, माझ्याच्यानं होईना." त्यांचे डोळे भरले होते.

शनिवारी दादा रिक्षानं आला आणि हाताची घडी घालून डॉक्टरांच्या बाजूला उभा राहिला. नाना दारात. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. बाकावरची सगळी डोकी दारात घुसलेली.

नाना निघाले. मी बाटलीत औषध ओतत मोजत होते. सात, आठ, नऊ. औषध सगळं टेबलावर सांडलं.

नवव्या पावलाला डॉक्टरांनी विचारलं, "नाना, सकाळी काय खाल्लंत?"

नाना थांबले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले, "पाव, पाव." त्यांना कळेना. ते नुसते उभे राहिले, चूक झालेल्या पोरासारखे. मला रडू फुटलं.

दादा म्हणाला, "बघितलंत डॉक्टर? मी हेच म्हणत होतो."

डॉक्टर खुर्चीतून उठले. आठ वर्षांत मी त्यांना दवाखान्याच्या वेळात उठलेलं बघितलं नव्हतं. आमच्या आधी येऊन बसायचे, सगळे गेल्यावर जायचे. एका हातानं टेबल धरलं, मग भिंत धरली. डावा पाय फरफटत होता. मधल्या पाच पावलांना एवढा वेळ लागला की बाहेर साळवेमामांनी हळूच टोपी काढली.

नाना टक लावून बघत होते. डॉक्टर जवळ आले तसे म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला कोण तपासतं हो?"

मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं! पण डॉक्टर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग नानांचा दंड धरून म्हणाले, "कुणी नाही हो नाना. बायको होती तोवर ती ओरडायची. आता मीही एकटाच."

आणि तिथंच भिंतीला टेकून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि दादाच्या हातात दिली. दादानं मोठ्यानं वाचली. "रोज संध्याकाळी साडेपाचला चालणे. एकट्याने नाही. सोबत, डॉक्टर टिपणीस. मुक्काम मुलीकडेच."

दादानं चिठ्ठी उलटी करून बघितली. "पण डॉक्टर... तुमची ही अवस्था, नानांची ती. उद्या दोघंही हरवलात तर?"

डॉक्टरांनी नानांकडे बघितलं. नानांनी दादाकडे बघितलं आणि म्हणाले,

"मग तू ये शोधायला. तेवढ्यासाठी तरी येशील ना रे!"